दुसऱ्यांची यादी

बुधवार, १ जानेवारी १९६४, उंद्री

नवीन वर्षाच्या भक्तीत आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांनी उपदेश केला, की हे वर्षभर दुसऱ्याला आपल्याआधी धरा. दुसऱ्याचं आधी, आपलं मागून. उपदेश तसा लांबला, पण मला लागला. जानराव टेलरला माझ्यापेक्षा जास्त लागला असं त्यानं दाखवलं, रुमाल काढून डोळे पुसले. त्याचे डोळे सर्दीनंही पाणावतात. पण असो, आजपासून दुसऱ्याबद्दल वाकडं लिहायचं नाही.

मी शमुवेल उकंडराव इंगळे, वय अठ्ठेचाळीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, निश्चय करतो की या वर्षी मी सगळ्यांच्या शेवटी. नोंद राहावी म्हणून ही वही. मागच्या पानावर दुसऱ्यांची यादी केली आहे. रोज सकाळी एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची आणि दिवसातून एकाला तरी आपल्याआधी धरायचं. पहिले पाळकसाहेब. दुसरा, मन मोठं करून, जानराव. तिसरी त्याची म्हातारी आई गीताबाई. चौथा शेजारचा पुंजाजी गाडीवाला. तो बौद्ध आहे, पण दुसरा तो दुसराच. मग हेडमास्तर, पोस्टमन, ग्रामसेवक वगैरे. एकोणीस झाले. विसावं सुचेना म्हणून शेळी लिहिली. ती माझ्या उत्तरपत्रिका खाते, तिला आधी धरणं हीच खरी कसोटी आहे.

घरात वाचून दाखवलं. ही म्हणाली, "हाव." बाकी काही नाही.

रविवार, ५ जानेवारी

प्रार्थनाघरात पुढच्या सतरंजीवर बसायचा माझा बारा वर्षांचा रिवाज. आज मुद्दाम शेवटच्या सतरंजीवर बसलो. जानराव पाचव्या मिनिटाला उठला आणि माझ्या मागं येऊन बसला. तिथं सतरंजी नव्हती, नुसती फरशी. पहिल्या गायनाला सगळे उभे राहिले, तेव्हा बसताना मी त्याच्या मागं बसलो. दुसऱ्या गायनाला तो माझ्या मागं. अर्पण गोळा होईपर्यंत आम्ही दोघं दाराबाहेर, चपलांमध्ये. शेवटची पायरी मी धरली. तिच्या पलीकडं नाली होती, आणि जानराव नालीत काही बसला नाही. उपदेश ऐकू आला नाही.

दारातून आतलं दिसत होतं. बायकांच्या बाजूला ही गात होती, गायनाचं पुस्तक उलटं धरून! घरी आल्यावर बोललो, की देवाच्या घरात तरी लक्ष ठेवावं. "मले पाठ हाये," म्हणाली. पाठ असलं तरी पुस्तक सुलटं धरायला काय जातं?

मंगळवार, ७ जानेवारी

भाकरीत पुन्हा खडा. दिवाळीपासून हे चालू आहे. पूर्वी हिच्या हातच्या भाकरीत खडा सापडला असता तर मी गावजेवण घातलं असतं. पूर्वीचा मी असतो तर ताट सरकवलं असतं. आज गिळला.

पाळकसाहेबांकडं पाहुणे आले म्हणून त्यांना कोंबडी देऊन आलो. हिला मागून सांगितलं.

"कोंची? ठिपक्याची?"

"देताना चांगलंच द्यावं," मी म्हणालो.

"ती माह्यी होती," ही म्हणाली. मग थोड्या वेळानं, "जाऊ द्या."

घरातल्या घरात माझं-तुझं काय असतं, मला कळत नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

खामगावला शाळेच्या कामाला निघालो होतो. एसटी आली. मी दाराशी उभा राहून सगळ्यांना "तुम्ही आधी, तुम्ही आधी" केलं. सगळे चढले. कंडक्टरनं घंटी मारली आणि बस गेली. पुंजाजी गाडीवर बसून पाहत होता. म्हणाला, "मास्तर, आता आम्ही बी आधीच घरी जातो," आणि बैल हाकलून निघून गेला. तीन मैल नाही, चांगला पाच मैल चाललो, मग ट्रक मिळाला.

रविवार, १२ जानेवारी

सुलतानपूरहून लेक बेबी आली, तीन महिन्यांच्या नातवाला घेऊन. ही त्याला मांडीवर घेऊन तासभर बसली. सारखी त्याच्या तोंडावरून हात फिरवत होती. मला म्हणाली, "नाक कोनावर गेलं, सांगा ना."

"तुझ्या मांडीवर आहे, तूच पाहा की," मी म्हणालो. मला अर्ज लिहायचे होते.

शनिवार, १८ जानेवारी

थंडी फार. जानरावानं आपलं स्वेटर पोस्टमनला दिल्याचं सगळ्या गावाला कळलं, म्हणजे त्यानं कळवलं. मी हिची शाल गीताबाईला नेऊन दिली. माझी दिली असती, पण माझी जुनी आहे आणि जुनं देणं शोभत नाही.

गीताबाईला डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. शाल हातानं चाचपून म्हणाली, "हे तं मास्तरणीची हाये. तिनं देल्ली का तुमी?"

"एकच ते," मी म्हणालो.

"एक कसं?" म्हातारी म्हणाली. वय झालं आहे तिचं.

सोमवार, २० जानेवारी

ग्रामपंचायतीवर कागद लागला. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपासून नांदुऱ्याला स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत नेत्रयज्ञ आहे. मुंबईचा डॉक्टर येऊन मोतीबिंदू काढणार. रोग्यासोबत एक धडधाकट माणूस पाहिजे. उंद्रीच्या वाट्याला अकरा जागा. नावं लिहायचं काम ग्रामसेवकानं माझ्याकडं दिलं, माझं अक्षर चांगलं म्हणून.

जेवताना हे सांगितलं. ही वाढता वाढता थांबली. "अकराच का?"

"अकराच."

"त्याच्यात आपल्या घरचं..."

मी तिथंच हात वर केला. हिच्या मनात नांदुऱ्याचा भाऊ असणार, त्याला दोन वर्षांपासून चष्मा पाहिजे आहे. मी म्हणालो, "हे पाहा, यादी मास्तरच्या हाती म्हणून मास्तरच्या घरचं नाव आलं, असं जानरावानं म्हणायला नको. आपल्या घरचं एकही नाव या यादीत येणार नाही. हा माझा शब्द आहे."

ही म्हणाली, "असंच इचारलं." समजूतदार बाई आहे. फक्त भाजी ताटाच्या बाहेर वाढली.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी शाळेत झेंडावंदन, दुपारी प्रार्थनाघराच्या अंगणात प्रीतिभोजन. रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. वास असा सुटला होता की लहान प्रार्थनाही लांब वाटली.

झालं असं, की पंगत मांडली आणि कोणीच बसेना. मी म्हणालो, जानराव, तुम्ही बसा, मी वाढतो. जानराव म्हणाला, माझ्या अंगात प्राण आहे तोवर मास्तर उभे आणि मी बसलेला असं होणार नाही. पाळकसाहेबांनी कंबरेला टॉवेल बांधला होता, ते कोणाचं ऐकेनात. सगळी मंडळी वाढपी झाली! सतरा माणसं हातात भांडी घेऊन उभी आणि पत्रावळी मोकळ्या. माझ्या हातून जानरावानं भाजीचं भांडं ओढलं, मी सोडलं नाही. दोघांनी नम्रपणे ओढाओढ केली आणि अर्धी भाजी अंगणात सांडली.

गावातले पाहुणे बोलावले होते. पुंजाजी आणखी आठ-दहा जणांना घेऊन बसला आणि म्हणाला, "तुमचा तंटा मिटेपर्यंत आमी सुरू करतो." गीताबाईही बसली. त्यांनी सगळं संपवलं. आम्हाला भाजीचा रस्सा, थोडं वरण आणि तळाचा एकेक रोडगा मिळाला. पुंजाजी जाताना म्हणाला, "तुमचा धर्म लय चांगला हाये बाप्पा. दर मयन्याले करत जा."

हिनं तपेल्यातलं वरण पाळकसाहेबांच्या पत्रावळीऐवजी त्यांच्या मांडीवर वाढलं. साहेब किंचाळले, पण लगेच "स्तुती असो" म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर पाहतो तर ही आणि गीताबाई कोपऱ्यात बसून काहीतरी कुजबुजत होत्या, आणि गीताबाई हिच्या तोंडावरून हात फिरवत होती. मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालू नये.

बुधवार, २९ जानेवारी

नेत्रयज्ञाचा कंपाउंडर बॅटरी घेऊन आला. शाळेच्या व्हरांड्यात चौतीस जणांचे डोळे पाहिले. काम झाल्यावर घरी चहाला आणला. हिनं चहा अर्धा बशीत ओतला आणि अर्धा त्याच्या बाहीवर. कंपाउंडर बाही न झटकता हिच्या तोंडाकडं पाहत राहिला. मला ते बरं वाटलं नाही.

"मास्तरसाहेब," तो म्हणाला, "बाईंच्या डोळ्यात..."

"धूर आहे, चुलीचा," मी म्हणालो. "आमचं सोडा, तुम्ही गावाचं पाहा. आमच्या घरचं नाव यादीत येणार नाही, हा माझा शब्द आहे."

"पण एकदा बॅटरी..."

"शब्द म्हणजे शब्द."

तो हिच्याकडं पाहून थांबला. ही चुलीकडं तोंड करून बसली होती. मग तो चहा पिऊन गेला. साखर दोनदा पडली होती, पण बिचारा बोलला नाही. त्याचंही नाव प्रार्थनेत घेतलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

अकरा नावं पक्की झाली. अकराव्या जागेवर गीताबाई. जानरावाला बोलावून, चार माणसांसमोर सांगितलं की जानराव, तुमच्या आईला घेतलं, माझ्या घरच्या कोणाला घेतलं नाही. तो खाली पाहू लागला. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. कागदावर शिक्का मारून ग्रामसेवकानं नांदुऱ्याला पाठवला.

पुढच्या रविवारी प्रार्थनाघरात माझी साक्ष आहे, म्हणजे देवानं काय शिकवलं ते मंडळीपुढं सांगायचं. वीस मिनिटं. विषय, मी नम्रता कशी शिकलो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

दिवेलागणीच्या जरा आधी हिला समोर बसवून साक्ष म्हणून पाहत होतो. ही सुपात ज्वारी निवडत होती आणि हाव, हाव करत होती. कोंबडीच्या प्रसंगापर्यंत आलो तेव्हा घसा कोरडा पडला. तसाच अनवाणी उठलो आणि माठाकडं जाऊन पाणी प्यालो. वळलो तर ही बोलत होती.

"हाव. मंग काय म्हनले पाळकसायेब?"

खुंटीला माझा कोट टांगलेला होता. ही त्या कोटाकडं तोंड करून बोलत होती.

मी पेला धरून उभा राहिलो.

"थकले का? चा ठेवू?"

कोट काय बोलणार!

ही जरा थांबली. मग आपल्याशीच म्हणाली, "रागावले वाट्टे." आणि पुन्हा ज्वारी निवडू लागली. तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या हाताकडं पाहिलं. ती डोळ्यांनी निवडत नव्हतीच. बोटांनी एकेक दाणा चाचपत होती, खडा बोटाला लागला की बाजूला टाकत होती. सगळी ज्वारी, रोज, अशी. आणि एखादा खडा सुटला तर मी त्याची या वहीत नोंद करत होतो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

विचारलं. कधीपासून?

"झाले दोन साल. आधी सुईचं भोक गेलं. मंग ज्वारीतले खडे. मंग तुमचं तोंड." मग म्हणाली, "नातवाचं तं पाह्यलंच नाई."

"अगं मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगाले गेलती ना त्या दिवशी. तुमी शब्द देऊन बसले."

"तरी सांगायचं!" मी ओरडलो. हो, ओरडलोच.

"तुमी दुसऱ्याईचं पाहून राह्यले होते," ही म्हणाली. "म्या म्हनलं, चांगलं काम हाये, आपल्यापायी कायले मोडा."

मी रडलो. जानरावासारखं रुमाल काढून नाही, नाक वाहेपर्यंत रडलो. शेळी दारातून पाहत होती.

ग्रामसेवकाकडं धावत गेलो. तो म्हणाला, शिक्का मारून गेलेला कागद फिरत नाही, अकरापैकी कोणी आपली जागा सोडली तर बदली नाव नेता येईल. हिच्या डोळ्यावरचा पडदा आता काढला नाही तर पुन्हा असा डॉक्टर कधी येईल कोणास ठाऊक. अकरापैकी आमच्या मंडळीतली एकटी गीताबाई. म्हणजे जानरावाच्या दारात उभं राहून मागायचं. प्रभो, मी नम्रता मागितली होती, पण इतकी नव्हती मागितली.

रविवार, १६ फेब्रुवारी

साक्षीला उभा राहिलो. वीस मिनिटांचा कागद खिशातच राहिला. म्हणालो, बंधूभगिनींनो, माझ्या घरात मोतीबिंदू आहे आणि मला तो दिसला नाही. आंधळा कोण ते तुम्हीच ठरवा. मला एक जागा पाहिजे. मी मागतो आहे.

दोन मिनिटांत संपलं. एवढी छोटी साक्ष आमच्या प्रार्थनाघरात पहिल्यांदा झाली.

जानराव उठला, रुमाल काढला आणि रडत म्हणाला, "देल्ली! माह्या मायची जागा देल्ली मी!" सगळे आमेन म्हणाले. पाळकसाहेब हात वर करून प्रार्थना सुरू करणार, तेवढ्यात बायकांच्या सतरंजीवरून आवाज आला.

"थांब बे जान्या. डोळे कोनाचे हायेत?"

"तुह्ये, माय."

"मंग देनारा तू कोन? मले इचारलं?" गीताबाई काठी टेकत उठली. "हे मास्तर बी तसेच. शाल मास्तरणीची, आन देल्ली कोनं? यायनं. आन तुमी, पाळकसायेब, ठिपक्याची कोंबडी खाल्ली, कोनाची व्हती ते इचारलं व्हतं का?"

साहेबांचा हात वरच राहिला.

मी उठून गेलो आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हणालो, "आजी, चुकलो. आता विचारतो. तुमची जागा देता का?"

म्हातारीनं विचार केला. "नाई," म्हणाली.

मी जमिनीला हात टेकून उठायला लागलो.

"मले माह्या पणतीचं तोंड पाह्याचं हाये. आन हा जान्या आता कसा दिसते तेबी पाह्याचं हाये. मी काऊन देऊ? माह्ये डोळे काय फुकटचे हायेत?" मग मान वळवून म्हणाली, "सूनबाई, कुठी हायेस व?"

"इथीच हाये, आजी," ही म्हणाली.

"कागदावर लिव्हलं हाये ना, रोग्यासंगं एक धडधाकट मानूस पाह्यजे?"

"हाव."

"हातपाय धड हायेत ना तुह्ये? मंग चाल, माह्यी सोबतीन तू. पुढचं त्या डाक्टरले पाहू दे."

मी हिच्याकडं पाहिलं. म्हणालो, "जातेस का?" चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी तिला विचारलं असेन.

"जातो ना," ही म्हणाली. "कवाची वाट पाहून राह्यली."

गुरुवार, २० फेब्रुवारी, नांदुरा

पुंजाजीनं बसथांब्यापर्यंत गाडीनं सोडलं. एसटी आली तेव्हा सवयीनं माझ्या तोंडून "तुम्ही आधी" निघालं, तशी गीताबाईनं काठीचं टोक माझ्या पाठीत खुपसलं. "चढा मुकाट्यानं, आन आमाले वर घ्या." चढलो. पुंजाजी हसून हसून बैलांच्या अंगावर पडला.

धर्मशाळेत शंभरावर माणसं. आमचा नंबर आला तेव्हा दोघी एकमेकींचा हात धरून आत गेल्या आणि दोघी मिळून टेबलावर आपटल्या. डॉक्टरनं विचारलं, "यातला रोगी कोण आणि सोबती कोण?"

"एकमेकीच्या," गीताबाई म्हणाली.

डॉक्टर हसला. मग हिचा चेहरा उजेडाकडं वळवून पाहिलं आणि हसायचा थांबला. "पुरता पिकला आहे. बाई, इतके दिवस काय करत होता?"

ही माझ्याकडं बोट दाखवेल म्हणून मी मान खाली घातली. ही म्हणाली, "ज्वारी निवडत होती."

मागून कंपाउंडर पुढं आला. "साहेब, मी त्या दिवशी हेच सांगत होतो," म्हणाला, आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. डॉक्टर म्हणाला, अकराला भाकरी मिळते तर बाराव्याला मिळेल, लिहा नाव. कारकुनानं मला बायकोचं नाव विचारलं. आमच्याकडं बायकोचं नाव तोंडानं घेत नाहीत. मी खाकरलो, पुन्हा खाकरलो. गीताबाईनं सांगितलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

परवा दोघींची ऑपरेशनं झाली, एकेका डोळ्याची. डोक्याच्या दोन्ही बाजूला वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. दोघींचा सोबती आता मी. जानराव येतो म्हणाला होता, पण गीताबाईनं त्याला दुकान उघडायला परत पाठवलं.

भाकरी मी करतो. पहिली पाण्यात गेली, दुसरी राखेत, तिसरी बोटभर जाड झाली. घास करून हिला भरवला. कर्रकन आवाज आला. मी ऐकला, ही चावत राहिली.

"खडा लागला का?"

"नाई."

"थुंक."

"गिळला," ही म्हणाली. "दुसऱ्याआधी." आणि ओठ आवळून, न हलता हसू लागली.

पलीकडच्या सतरंजीवरून गीताबाई म्हणाली, "मास्तर, माह्या भाकरीत तीन व्हते. मी काही गिळले नाई, तुमच्या चपलेत थुकले."

शनिवार, २९ फेब्रुवारी

पट्टी निघाली. मी समोर उभा होतो, केस विंचरून, कोट घालून. हिनं डोळा मिचकावत पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"धूसर हाये," म्हणाली. "पन बुढे झाले तुमी. कवा झाले?"

गीताबाईला न्यायला जानराव आला होता. ती त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "जान्या, बाप्पा, तुह्ये केस कुठी गेले?" जानराव रडू लागला. रुमाल विसरला होता. या वेळी मला त्याचं रडणं खरं वाटलं, आणि मी माझा दिला. माझाच.

रविवार, १२ एप्रिल, उंद्री

चष्मा आला. भिंग एवढं जाड की आतून हिचा डोळा वाटीएवढा दिसतो. बेबी नातवाला घेऊन आली आहे. हिनं त्याला उजेडात नेलं, चष्मा लावला, तोंड निरखून पाहिलं आणि पदरानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग मला म्हणाली, "नाक तुमचं हाये. जाऊ द्या, आता काय करता."

दुपारी मी उठलो तर ही दारात बसून ही वही वाचत होती. चौथीपर्यंत शिकली आहे. ओठ हलवत, बोट ओळीवर ठेवत वाचत होती. पहिल्या पानापासून. मी घाबरलो. प्रीतिभोजनाच्या पानावर मोठ्यानं हसली, कोटाच्या पानावर तिचं बोट फार वेळ थांबलं. शेवटी मागचं पान उघडलं, दुसऱ्यांची यादी. वरून खाली वाचली, मग खालून वर.

"सगळ्याईचे नावं हायेत," म्हणाली. "पुंजाजीचं हाये. पोस्टमनचं हाये. शेळीचं बी हाये."

"हो."

"मी कुठी हाये?"

मी म्हणालो, अगं तू तर प्रत्येक पानावर आहेस. ती म्हणाली, "तिथं नुसती 'ही' हाये. कोनाची बी असू शकते. नांदुऱ्याले बी आजीनं सांगितलं माह्यं नाव."

खरंच होतं. साडेतीन महिने रोज सकाळी शेळीसाठी प्रार्थना केली मी. मी लेखणी घेतली आणि म्हणालो, पहिल्या नंबरावर लिहितो, पाळकसाहेबांच्याही वर. ती म्हणाली, "कोनाले हटवू नका, शेळीच्या खाली लिवा." मी म्हणालो, वरच. ती म्हणाली, खाली. मी म्हणालो, पहिली जागा तुझी आहे, मी देतो आहे ना! ती नुसती चष्म्यातून पाहत राहिली. मग माझ्या डोक्यात गीताबाईची काठी वाजली, आणि मी म्हणालो, "बरं, तूच सांग, कुठं लिहू?"

तिनं बोट ठेवलं तिथं लिहिलं.

२१. मनकर्णा. विचारून लिहिलं.